सहा फ्रेमचा चंद्र

मामाने आधी खिडकी पूर्ण उघडली, टेबलावरची वर्तमानपत्रं बाजूला सारली आणि मग कपाटातून ती चौकट काढून माझ्यासमोर ठेवली. काळ्या पुठ्ठ्याची चौकट, वर काच आणि काचेमागे सोळा मिलिमीटर फिल्मचा जेमतेम पावणेदोन इंचांचा तुकडा. सहा फ्रेम. प्रत्येकीत खड्ड्यांनी भरलेली जमीन आणि एका कडेला खिडकीची काळी तिरपी रेघ. खाली सोनेरी अक्षरांत अपोलो ११चं नाव आणि ही फिल्म चंद्रावर जाऊन आलेली आहे असं इंग्रजीत छापलेलं.

"चाळीस हजार," मामा म्हणाला. "मामीला सांगू नकोस."

"मामीला माहीत आहे," आतून मामी म्हणाली.

मामा भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाला. तिकिटं आणि नाणी जमवण्याचा नाद लहानपणापासूनचा, चंद्राचा नादही तेवढाच जुना. मी जुन्या फिल्म तपासते, फाटलेली भोकं जोडते, कुठली प्रिंट किती दिवस टिकेल ते सांगते. त्यामुळे या तुकड्याबद्दल आम्हा दोघांचं एकमत होणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी त्याने मलाच बोलावलं होतं.

"आधी सांग, हवी कशाला होती तुला ही?" मी विचारलं.

"कशाला म्हणजे? २१ जुलै १९६९, सोमवार. आपल्याकडे सकाळचे आठ वाजून सव्वीस मिनिटं झाली तेव्हा आर्मस्ट्राँगने पाय ठेवला. माझी शाळेत जायची वेळ. शनिवारी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि आमचे वडील बँकेत, त्यामुळे घरात मोठ्यांच्या तोंडी बँकेशिवाय विषय नाही. मी दप्तर पाठीला लावून रेडिओपाशी उभा. टीव्ही कुठला? मुंबईतच तो १९७२ साली आला, पुण्याला त्याच्याही नंतर. ऐकलं सगळं, दिसलं काहीच नाही. पुढच्या वर्षी शाळेच्या पटांगणात चादर बांधून सोळा मिलिमीटरची फिल्म दाखवली. मातीत बसलो होतो आम्ही. प्रोजेक्टरची टरटर, दिव्याभोवती किडे आणि चादरीवर चंद्रावर चालणारा माणूस! वाऱ्याने चादर हलली की चंद्र हलायचा. त्या रात्रीपासून मला ती फिल्म हवी होती. चोपन्न-पंचावन्न वर्षं थांबलो."

यावर काय बोलणार? मी पट्टी उजेडाकडे धरली. भिंगातून पाहिलं तर जमीन करडी नव्हती, फिकट गुलाबी होती.

"मामा, ही चंद्रावर गेलेली नाही रे."

"रंगावरून कसं सांगतेस? पन्नास वर्षांत रंग उडणारच की."

"नुसत्या रंगावरून नाही सांगत. तुझं स्क्रू गेज आहे ना अजून?"

स्क्रू गेज म्हटल्यावर त्याचा चेहराच बदलला. शाळेतून निवृत्त होताना विद्यार्थ्यांनी भेट दिलेलं पितळी डबीतलं स्क्रू गेज त्याने आणलं, शून्य तपासून घेतलं. मी चौकटीचा मागचा पुठ्ठा हळूच सोडवला आणि पट्टी कडेला धरून बाहेर काढली. ओरखडा पडू नये म्हणून बटर पेपरची घडी केली. नुसती घडी भरली ०.०८ मिलिमीटर. घडीत पट्टी ठेवून मामाने रॅचेट फिरवलं, टिक टिक वाजलं, चष्मा वर करून त्याने आकडा वाचला. ०.२३.

"वजाबाकी ०.१५," तो म्हणाला. "बरं मग?"

मग मी त्याला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण हा बाजार मोठा आहे आणि फसणारे बहुतेक मामासारखे मनापासून प्रेम करणारे असतात.

अपोलो ११च्या ईगल या चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या उजव्या खिडकीत, म्हणजे आर्मस्ट्राँगचा साथीदार ऑल्ड्रिन याच्या बाजूला, मॉरर कंपनीचा सोळा मिलिमीटरचा एक छोटा कॅमेरा बसवलेला होता. त्याच्या मॅगझिनमध्ये १४० फूट फिल्म मावे. एवढ्याशा डब्यात तेवढी फिल्म बसवायची तर ती पातळच हवी, म्हणून कोडॅकने पॉलिएस्टरच्या पातळ तळावर ती बनवून दिली. तळाची जाडी ०.०६ मिलिमीटरच्या थोडी वर, रंगाचा थर धरूनही ०.१च्या आत. शाळा, वाचनालयं, दूरदर्शन केंद्रं यांच्यासाठी त्या काळी ज्या प्रती निघत, त्या साधारणपणे ॲसिटेटच्या जाड तळावर. मामाची पट्टी दीडपट जाड निघाली.

"आणखी एक पुरावा देते. तुझ्या प्रयोगाच्या पेटीत दोन पोलरॉइड असतील."

पोलरॉइड निघाले. एकावर एक आडवे धरले की उजेड बंद होतो, हे मला त्यानेच कधीतरी शिकवलं होतं. मध्ये साध्या पॉलिएस्टरचा तुकडा धरला तर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात. मामाची पट्टी धरली, सगळं काळंच राहिलं.

"ॲसिटेट," मामा स्वतःच म्हणाला. स्क्रू गेज पुसून त्याने डबीत ठेवलं. डबीचं झाकण लावायला त्याला जरा वेळ लागला.

चहा आला. मला वाईट वाटत होतं, पण खोटं बोलून आनंद टिकवणं हे माझ्या कामात बसत नाही, आणि मामालाही ते चाललं नसतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "प्रत तर प्रत. पण तू जे म्हणणार आहेस ते मला पाठ आहे. म्हणशील, कशाला विकत घ्यायचं, मूळ फिल्म ह्यूस्टनला शीतगृहात सुरक्षित आहे, सगळं स्कॅन झालंय, फुकट बघायला मिळतं."

"तसंच आहे ना पण. अमेरिकन सरकारने काढलेल्या या फिल्मवर कुणाचा स्वामित्वहक्कच नाही. तू, मी, कुणीही ती दाखवू शकतो, छापू शकतो. अख्खी उतरण्याची फिल्म बघ ना घरी बसून."

"बघतो की! रोज रात्री बघतो म्हटलंस तरी चालेल. पण हातात काय येतं? आणि सरकारने जपलं, हे मला तू सांगू नकोस. त्या टेपचं काय झालं?"

हा त्याचा हुकमी पत्ता, आणि त्यात दम आहे. चंद्रावरून जे थेट चित्र आलं ते सेकंदाला दहा फ्रेमचं, ३२० ओळींचं होतं. ऑस्ट्रेलियातल्या हनीसकल क्रीक आणि पार्क्स इथल्या, तसंच कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या अँटेनांनी ते पकडलं. घरोघरच्या टीव्हीवर ते दिसावं म्हणून त्याचं रूपांतर केलं गेलं, आणि त्या रूपांतरात चित्र पुसट झालं. जगाने पाहिली ती ही पुसट आवृत्ती. मूळ स्वच्छ संकेत मोठ्या टेपांवर नोंदवून ठेवला होता. पुढे टेपांचा तुटवडा पडला तेव्हा त्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असं नासाने २००९ साली स्वतःच सांगितलं.

"मानवाचं पहिलं पाऊल पुसून त्यावर दुसरं काहीतरी भरलं!" मामाचा आवाज चढला. "आणि वाचवलं कुणी? एका पोराने. इंटर्न होता तो नासात. १९७६ साली सरकारी लिलावात हजारावर टेपा २१७ डॉलर ७७ सेंटला उचलल्या. टीव्ही केंद्रांना विकून चार पैसे मिळवायचे म्हणून. वडिलांनी तीन टेपांवरची चिठ्ठी वाचली, म्हणाले ह्या ठेव. त्या तीन टेपा २०१९ साली, बरोबर पन्नासाव्या वर्षी, १८ लाख २० हजार डॉलरला गेल्या. घरात ठेवल्या म्हणून वाचल्या ना?"

"वाचल्या, हे खरं. पण मामा, त्या टेपांवर काय होतं? ह्यूस्टनला पोचलेलं, रूपांतर झाल्यानंतरचं चित्र. दुसरीकडेही त्याची ध्वनिचित्रमुद्रणं होती. ती गोळा करूनच तर २००९ साली चित्र पुन्हा स्वच्छ केलं. हरवला तो मूळ संकेत त्या तीन टेपांत नाही. अठरा लाख डॉलर मोजून जगाला नवी एक फ्रेमसुद्धा मिळाली नाही."

"जगाला न मिळो. पण कुणीतरी जपलं ना? जपणाऱ्या माणसाला तू नेहमी चोर ठरवतेस."

"चोर कधी म्हटलं मी?"

"तू नाही, सरकारने म्हटलं. एडगर मिचेल. अपोलो १४ चा. त्याच्या यानातला कॅमेरा त्याने घरी आणला, कारण ते यान तर चंद्रावरच आदळून टाकणार होते. कॅमेरा फुकट जाणार होता. चाळीस वर्षांनी विकायला काढला तर २०११ साली सरकारने त्याच्यावर दावा लावला! म्हाताऱ्या माणसाला शेवटी तो कॅमेरा संग्रहालयाला द्यावा लागला. लोकांनाही ते पटलं नसावं, म्हणून तर पुढच्या वर्षी कायदा झाला. त्या काळच्या अंतराळवीरांनी आठवण म्हणून आणलेल्या वस्तू त्यांच्याच, चंद्राचे दगड सोडून."

कायद्याची गोष्ट खरी आहे, आणि मला तो कायदा योग्यच वाटतो. जे यान टाकूनच द्यायचं होतं त्यातून माणसाने एक वस्तू उचलून आणली तर ती त्याची. खुद्द आर्मस्ट्राँगने तेच केलं होतं. २०१२ साली तो गेला, त्यानंतर त्याच्या पत्नीला कपाटात एक पांढरी पिशवी सापडली. आत ईगलमधल्या बारीकसारीक वस्तू होत्या, आणि त्यांत तोच खिडकीतला सोळा मिलिमीटरचा कॅमेरा. त्याबद्दल त्याने कुणाला काही सांगितलंच नव्हतं. कुटुंबाने तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयाकडे सोपवला.

"बघ," मामा म्हणाला, "आर्मस्ट्राँगसुद्धा माझ्यासारखाच. कपाटात ठेवून बसला."

"पण त्याने कॅमेऱ्याचे तुकडे करून चौकटीत बसवून विकले नाहीत."

मामा गप्प झाला. माझी खरी तक्रार इथे होती आणि ती मी आता पूर्ण बोलले.

"मामा, तुला आठवतं, तू आम्हाला अपोलो १६ ची फिल्म दाखवायचास? एप्रिल १९७२. जॉन यंग गाडी पळवतोय, चार्ली ड्यूक सोळा मिलिमीटरने चित्रण करतोय. चाकांमागून माती उडते ती बघा, म्हणायचास. इथे हवा असती तर धुरळा लोंबकळत राहिला असता. पण हवा नाही, म्हणून प्रत्येक कण कमान करून वर जातो आणि तशीच कमान करून खाली येतो. फळ्यावर काढलेली कमान चंद्रावर बघा, म्हणायचास. त्या फिल्ममधली एक फ्रेम काढून मला ती कमान दाखव."

"एका फ्रेममध्ये कशी दिसेल?"

"म्हणजे ती कापल्यावर गेलीच ना? तुझ्या या सहा फ्रेम ज्या रिळातून निघाल्या, ते रीळ कुणीतरी बसून कात्रीने कापलंय. सोळा मिलिमीटरला एका फुटात चाळीस फ्रेम. चारशे फुटांचं रीळ म्हणजे सोळा हजार. सहा-सहाच्या पट्ट्या केल्या तर अडीच हजारांहून जास्त चौकटी. चाळीस हजारांनी गुण. एवढा पैसा दिसल्यावर अख्खं रीळ कोण ठेवेल? आपल्याकडेही हेच झालं. जुन्या प्रिंट चांदी काढायला भंगारात गेल्या. 'आलम आरा'ची एक प्रत आज कुठे नाही. तिथे भट्टी होती, इथे सोनेरी अक्षरं आहेत. फिल्मच्या दृष्टीने काय फरक?"

जरा जास्तच बोलले मी. पण चांदीसाठी वितळवणाऱ्याला निदान कळत नव्हतं की तो काय वितळवतोय. पट्ट्या कापणाऱ्याला नीट कळतं, म्हणून तर तो त्यावर अपोलोचं नाव छापतो.

मामा उठला, खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग शांतपणे म्हणाला, "आम्ही लहानपणी टॉकीजच्या मागे फिल्मचे तुकडे वेचायचो. ऑपरेटर तुटलेली फिल्म जोडताना दोन-चार फ्रेम फेकायचा. बल्बमध्ये पाणी भरून त्याचं भिंग, आरशाने ऊन आत घ्यायचं, भिंतीवर चित्र पडायचं. एकच चित्र, न हलणारं. पण ते आमचं असायचं. त्या तुकड्यांनीच मला प्रकाश शिकवला. तुकड्याला इतकं तुच्छ लेखू नकोस."

"पडलेला तुकडा वेचणं वेगळं, मामा."

"वेगळं आहे, मान्य. पण माझं ऐक. दिनकर केळकरांनी काय केलं? दिवे, अडकित्ते, कुलपं, पेट्या. लोक म्हणायचे भंगार. एक माणूस गावोगाव फिरून गोळा करत राहिला, म्हणून आज आपल्याकडे केळकर संग्रहालय आहे. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची जी दोन रिळं मिळाली, ती कुठल्या सरकारी गोदामात होती? घरातच होती ना? जुन्या फिल्म शोधणारे पी. के. नायर फाळक्यांच्या मुलांपर्यंत पोचले म्हणून मिळाली. घरातली माणसं नसती तर तुझ्या शीतगृहात ठेवायला काय उरलं असतं?"

हे मला मान्य करावंच लागलं, आणि मनापासून. संस्थेला हरवलेलं कळतही नाही कित्येकदा. २०१९ साली टॉड डग्लस मिलर यांचा 'अपोलो ११' हा माहितीपट आला. त्यातली उड्डाणाआधीची भव्य, लखलखीत दृश्यं पासष्ट मिलिमीटरवर चित्रित केलेली आहेत. ती दीडशेहून अधिक रिळं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातच होती, सुरक्षित होती, पण त्यांत नेमकं काय आहे हे कुणी पन्नास वर्षांत नीट पाहिलेलं नव्हतं. शोधणारा वेडा माणूस लागतोच. माझं म्हणणं इतकंच, की त्या वेड्याच्या हातात कात्री नसावी.

"आणि तुला एक विचारू?" मी म्हटलं. "चंद्रावर जाऊन आलेली म्हणून तुला ती हवी होती. पण मूळ फिल्म परत आली तेव्हा तिचं काय झालं ते माहीत आहे? चंद्रावरून जंतू आले असतील या भीतीने मॅगझिनं ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत वायूने निर्जंतुक केली, मगच धुतली. त्यातलं एक मॅगझिन चंद्राच्या मातीत पडलेलं होतं. ते उघडणाऱ्या तंत्रज्ञाच्या हाताला काळी धूळ लागली, तर त्यालाही अंतराळवीरांबरोबर विलगीकरणात राहावं लागलं. त्याचा तो काळवंडलेला पंजा दाखवणारा फोटो आहे."

"माहीत आहे मला तो फोटो," मामा हसला. "त्या माणसाचा किती हेवा वाटतो!"

"मग त्या धुळीचा हेवा कर. फिल्म मात्र वेगळ्या कारणासाठी जपायची असते. सांग, चंद्रावर आर्मस्ट्राँगचे चांगले फोटो किती?"

"फार नाहीत. फोटोंचा हॅसलब्लाड कॅमेरा बहुतेक वेळ त्याच्याच हातात, म्हणून फोटोंत सगळीकडे ऑल्ड्रिन."

"तेच. पहिला माणूस चंद्रावर उतरला आणि फोटोत जवळजवळ नाहीच. पण खिडकीतल्या त्या सोळा मिलिमीटरच्या फिल्ममध्ये आहे. मातीचा पहिला नमुना पिशवीत भरताना, झेंड्यापाशी, इकडून तिकडे जाताना. पुढचा बराच भाग सेकंदाला एकच फ्रेम घेतलेला, म्हणून माणसं टुणटुण उड्या मारत गेल्यासारखी दिसतात. सगळ्या फ्रेम एकामागोमाग असल्या तरच तो माणूस चंद्रावर फिरला हे दिसतं. त्यातल्या सहा काढल्यास, तर तेवढी सहा सेकंदं तो तिथे नव्हता."

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग आत गेला आणि एक गंजलेला गोल डबा घेऊन आला. "हे तुला दाखवणारच नव्हतो. ओरडशील म्हणून."

आठ-दहा वर्षांपूर्वी त्याने कुणाकडून तरी घेतलेलं, परदेशातल्या एका शाळेने काढून टाकलेलं सोळा मिलिमीटरचं रीळ. तिकिटांच्याच कपाटात ठेवलेलं. मी झाकण उचललं आणि आंबट वास नाकात गेला. लोणच्याच्या बरणीत जास्त दिवस राहिलेल्या लिंबासारखा, तिखट, डोळ्यात पाणी आणणारा. ॲसिटेट सडायला लागलं की त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, म्हणजे व्हिनेगरच. एकदा सुरू झालं की ते स्वतःच स्वतःचा वेग वाढवतं, आणि शेजारच्या डब्यातल्या फिल्मलाही लागतं. पुण्याच्या पावसाळ्यात बंद लाकडी कपाट म्हणजे त्याला आयतं निमंत्रण.

"आधी हे तिकिटांपासून दूर," मी म्हटलं.

मी हातमोजे घातले. जमिनीवर स्वच्छ चादर अंथरली आणि रिळाचं टोक सोडलं. कडेची लहान भोकं दोन ठिकाणी फाटलेली, फिल्म थोडी आकसून वाकडी झालेली, पण अजून लवचीक. कड मोडत नव्हती. म्हणजे वेळ गेलेली नव्हती. मामाने टेबललॅम्प आडवा धरला आणि आम्ही फूट-फूट सरकवत भिंगातून पाहू लागलो. आकाशी छटा आधी उडते, म्हणून सगळं गुलाबी. गुलाबी यान, गुलाबी माती, काळं आकाश मात्र तांबूस काळं. आणि मग तो आला. एक वाकलेली पांढुरकी आकृती, हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला पिशवी.

"आर्मस्ट्राँग," मामा कुजबुजला.

पुढे सरकवलं. आकृती डावीकडे. अजून डावीकडे. एका ठिकाणी चिकटपट्टीचा जोड आला, आणि जोडानंतर आकृती एकदम दुसऱ्या टोकाला. मधल्या फ्रेम नव्हत्या. शाळेच्या प्रोजेक्टरमध्ये फिल्म तुटली आणि कुणी शिक्षकाने जोडली, की कुणी आठवण म्हणून कापून नेली, हे जोडावरून सांगता येत नाही. मामाने बोट त्या जोडावर, न टेकवता, धरून ठेवलं.

"इथे किती गेल्या असतील?"

"सांगता येत नाही. दहा, वीस."

"म्हणजे कुणाच्या तरी भिंतीवर असेल."

"किंवा केराच्या टोपलीत."

त्यानंतर आमचा वाद पूर्वीसारखा झाला नाही. तरी एकमत झालं असं मी म्हणणार नाही. मामाचं म्हणणं अजून हेच, की वस्तू हातात असल्याशिवाय प्रेम जडत नाही, आणि प्रेम जडल्याशिवाय कुणी जपत नाही. माझं म्हणणं अजून हेच, की मूळ फिल्म थंडीत, अंधारात, कुणाच्याही हाताबाहेर असावी; प्रती लोकांकडे असाव्यात, वाटेल तितक्या असाव्यात, दाखवल्या जाव्यात, झिजाव्यात, पण अख्ख्या. कापलेल्या पट्टीला मी प्रत मानत नाही.

"ह्या चौकटीचं काय करू मग?" त्याने विचारलं. "परत विकू?"

"विकलीस तर पुढचा माणूसही फसेल. ठेव तूच. पण खरं काय ते लिहून ठेव."

मामाने आपल्या तिकिटांच्या वहीसाठी वापरतो तो कागद घेतला, टाक बुडवल्यासारखं पेन झटकलं आणि शिक्षकी अक्षरात लिहिलं: "ॲसिटेट तळावरची प्रत. जाडी ०.१५ मिमी. चंद्रावर गेलेली नाही. मोठ्या रिळातून कापलेली." खाली तारीख घातली, सही केली आणि तो कागद पट्टीमागे ठेवून पुठ्ठा बंद केला. रीळ तिकिटांच्या कपाटातून निघालं. ते आता हवा खेळेल अशा डब्यात माझ्या कामाच्या ठिकाणी आहे. त्याचा स्कॅन करायचा आहे. गुलाबी रंग संगणकावर बराच सावरता येतो, चिकटपट्टीच्या जागची उडी मात्र तशीच राहील.

एक हिशेब मामाने मी निघताना केला. उतरतानाची मूळ फिल्म सेकंदाला सहा फ्रेमने चित्रित झाली होती. १४० फुटांच्या ५६०० फ्रेम, म्हणजे साडेपंधरा मिनिटं. आणि त्याची चाळीस हजारांची पट्टी, म्हणजे ईगल उतरत असतानाचा एक सेकंद.

वाचकांना एक विनंती आहे. अशी चौकट कुठे विकायला दिसली तर घेऊ नका, भेट म्हणूनही देऊ नका. मागणी असते म्हणूनच कात्री चालते. आणि तुमच्या माळ्यावर एखादा गोल डबा असेल, त्यात चंद्र असो, कुणाची मुंज असो की गावची जत्रा, तर तो या आठवड्यात उघडून वास घ्या. आंबट वास आला तरी फेकू नका. दुसऱ्या फिल्मपासून वेगळा करा, कोरड्या, थंड जागी हवेशीर ठेवा आणि स्कॅन करून देणाऱ्या माणसाकडे अख्खा न्या.